चौदा नंबरची चाबी

“चाबी हरपली, बाबूजी.”

“कोनती?”

“चौदा नंबरची.”

“अबे, परवाच्या दिवशी बी चौदाचीच हरपली होती ना?”

“थे सापडली होती. हे आता नव्यानं हरपली.”

कॉलेजचे मोठे बाबू खुशालराव यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाकडे, सहदेव गणगणेकडे, खालून वर पाहिलं. सहदेवच्या हातात लोखंडी कडं होतं. कड्यात तीस चाब्या लोंबत होत्या. एकतिसावीची जागा रिकामी.

“एकतीस खोल्या हायेत कॉलेजात. प्रयोगशाळेची चाबी हरपत नाही, संडासाची हरपत नाही. निरा चौदाचीच काहून हरपते?”

“तिले पाय हायेत बाबूजी. माह्यापेक्षा बरे असतीन.”

खुशालरावांना हसू आवरलं नाही. “जाय, तीन नंबर खोल मंग. मॅडम पोट्टे घेऊन जिन्याखाली उभ्या हायेत.”

सहदेव वळलाच होता. डावा हात डाव्या मांडीवर दाबायचा, पाय फेकायचा, पुन्हा दाबायचा, अशी त्याची चाल. दोन वर्षांचा असताना ताप आला आणि तापाबरोबर त्या पायातला जीव गेला. पाय कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीसारखा, बूट मात्र उजव्याच्याच मापाचा. दुकानदार एका जोडीत दोन मापं देत नाही. म्हणून डाव्या बुटात तो कापसाचा बोळा कोंबायचा, आणि गेल्या चार महिन्यांपासून त्या बोळ्याखाली चौदा नंबरची चाबी असायची. लंगड्या माणसाला बूट काढून दाखव असं कोणी म्हणत नाही. एवढं जग त्यानं पाहिलं होतं.

तीन नंबर खोली तळमजल्यावर, आवारातल्या निंबाला लागून. तिच्यात जिमखान्याच्या चटया, भाले आणि मोडकी बाकं भरलेली. त्याच अडगळीत पोरं दाटीवाटीनं बसली. समाजशास्त्राच्या सत्यवती मॅडम हजेरी घेऊ लागल्या तेव्हा फाटकातून तीनचाकी सायकल आत आली. हातानं फिरवायची सायकल. तिच्यावर जेबा, मागून ढकलायला तिचा बाप उस्मान. उंबरठ्याशी जेबा उतरली, भिंतीला धरून दाराजवळच्या बाकावर सरकली आणि नंबर आला तसा खणखणीत आवाजात म्हणाली, “येस मॅडम.”

सहदेवनं घंटेकडे जाताना ते ऐकलं. त्याचं त्या दिवसाचं काम झालं होतं. बाकीचं पगाराचं होतं.

साल दोन हजार सहा. त्या साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं वऱ्हाडात पुढाऱ्यांच्या मोठमोठ्या गाड्या धूळ उडवत यायच्या नि जायच्या, आणि ‘पॅकेज’ हा शब्द शेंबड्या पोराच्याही तोंडी झाला होता. दर्यापुरातल्या त्या कॉलेजात ते दिवस वेगळ्या तऱ्हेनं दिसत. वर्ग झाडताना सहदेव बाकांवर हात फिरवायचा. ज्या बाकावर आठ दिवसांची धूळ, तिथलं पोर कापूस वेचायला गेलेलं. महिन्याची धूळ असली म्हणजे ते पुण्याकडं नाहीतर सुरतेकडं कामाला लागलेलं. त्याहून जास्त धूळ त्यानं कधी साचू दिली नाही, कारण तोवर ते बाक उचलून मागं टाकावं लागे. हजेरीपटावर लाल रेघ नंतर पडायची. सहदेवला आधी कळायचं.

जेबाचं बाक जुलैतच असं धुळीला लागलं होतं.

तिचा बाप उस्मान पिंजारी. बाजारओळीत त्याचं गाद्यांचं दुकान. कापूस मातीमोल झाला, तेव्हा गाद्या स्वस्त होऊन धंदा वाढेल असं त्याला वाटलं होतं. पण वावरात पिकलं नाही की घरात लग्न निघत नाही, आणि लग्न नाही तर गादी कोण भरणार? तरी पोरीला बारावीत चांगले मार्क पडले म्हणून त्यानं बी.ए.ला नाव घातलं. पहिल्या वर्षाचे सगळे मोठे तास वर, चौदा नंबरात. बावीस पायऱ्या. पहिला आठवडा उस्मानच तिला पाठीवर घेऊन चढला. सव्वाशे पोरं जिन्यात बाजूला होऊन वाट देत. कोणी हसत नव्हतं, उलट एकजण तर टाळ्या वाजवायचा. नवव्या दिवशी जेबा आली नाही.

तीन आठवडे वाट पाहून सहदेव घरची गादी डोक्यावर घेऊन उस्मानच्या दुकानात गेला. गादी दोन वर्षं तरी चालली असती.

“पिंजून द्या लागते उस्मानभाई. गोळे झाले.”

उस्माननं गादी दाबून पाहिली. “सहदेवभाऊ, इसमें गोळा कहाँ है? कायले खोटं बोलता?”

आतल्या पडद्यामागून जेबाच बोलली. “चाचा, तुमी माह्यासाठी आले. मले मालूम हाय. पन मी येत नाही.”

“काहून?”

“अब्बाच्या पाठीवर मी वरपर्यंत पोचतो. पन वर पोचल्यावर मान वर होत नाही. मान खाली घालून काय शिकू? आन अब्बाची कंबर बी पाहा. दिवसभर पिंजन चालवते थो मानूस.”

“कोनी काही म्हनलं काय?”

“कोनीच काही म्हनत नाही, थेच तर हाय ना चाचा. समदे निरे चांगले वागतात.”

सहदेवला ते कळलं. त्याच्या गावची शाळा चार हात जोत्यावर होती. बाप मळ्यातली वांगी नि सांभाराच्या हिरव्या जुड्यांची पाटी बाजारात न्यायच्या आधी त्याला जोत्याशी सोडायचा. सहदेव चढला तर चढला, नाहीतर ओट्याच्या कडेशी बसून आतलं ऐकायचा. मास्तर भले होते, “राहू दे तिथंच, त्रास घेऊ नको,” म्हणायचे. मग चैत लागला की सकाळची शाळा व्हायची आणि मास्तर सगळा वर्ग बाहेर निंबाखाली आणायचे. ते दोन महिने सहदेव सगळ्यांच्या मधोमध बसायचा. त्याला जेवढी बाराखडी येते तेवढी निंबाखालची. ओट्यावरच्या बाकी महिन्यांनी त्याला फक्त ऐकायची सवय लावली.

“उद्या ये,” तो जेबाला म्हणाला. “उद्याच्यानं तास खालीच हाय.”

“कोनी सांगतलं?”

“मी सांगून राहिलो. चाब्या माह्यापाशी हायेत.”

आणि दुसऱ्या दिवशी चौदाची चाबी पहिल्यांदा हरपली.

रोज एकच सोंग चालत नाही, म्हणून कधी कुलपात काडी अडकायची, कधी वर मधमाश्या बसायच्या. एकदा तर त्यानं खोलीत साप पाहिला, आणि तो साप कॉलेजला चांगले सहा दिवस पुरला. दिवाळीपर्यंत चौदाची सवयच मोडली. सत्यवती मॅडम एकदा फक्त म्हणाल्या होत्या, “सहदेव, आज चाबी हरवलीय की कुलूप अडकलंय? मला वर्गात तेच सांगायचंय.” सहदेव म्हणाला, “कुलूप, मॅडम. चाबीची पाळी उद्या.” यापलीकडे दोघांत या विषयावर बोलणं झालं नाही. घरी त्याची बायको पार्बताबाई, जी बाजारात भाजी विकते, तिलाही त्यानं सांगितलं नव्हतं. बाजारात बसणाऱ्या बाईला सांगणं आणि दवंडी पिटणं यात त्याला फरक वाटत नसे.

दिवाळीनंतर अमरावतीहून नवे प्राचार्य आले. महादेवराव रहाटे. माणूस कामाचा, शब्दाचा पक्का, आणि खरं सांगायचं तर मनाचाही चांगला. पुढच्या महिन्यात कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. रहाटे सरांनी आल्याआल्या कॉलेज रंगवायला काढलं. ‘समान संधी कक्ष’ अशी पाटी लागली. कचेरीच्या चार पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार बांधायला घेतला आणि त्याला पिवळा कठडा बसवला. तीन नंबरातला पसारा हलवून तिथं टेबल-टेनिसचं टेबल मांडलं, दारावर ‘क्रीडा कक्ष’ लिहिलं आणि खोली कुलूपबंद केली. मग त्यांनी सहदेवला बोलावून समोर खुर्ची दिली. अठरा वर्षांत त्या खोलीत त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती.

“सहदेव, तुमच्या पायाचा त्रास मी पाहतो आहे. एवढं जड कडं घेऊन दिवसभर फिरायचं, चार-चार वेळा जिना चढायचा, हे बरोबर नाही. सोमवारपासून सगळ्या खोल्यांना नवी कुलपं. चाब्या कचेरीतल्या काचेच्या कपाटात, नंबर लावून. वरच्या खोल्या दुसरे शिपाई उघडतील. तुम्ही फक्त घंटा आणि सूचनावही सांभाळायची.”

“सर, मले कड्याचा त्रास नाही...”

“असं म्हणणारच तुम्ही. तुमच्यासारखी माणसं तक्रार करत नाहीत. म्हणूनच आम्ही लक्ष द्यायचं. आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, त्या उताराचं उद्घाटन आहे. फीत तुम्ही कापायची.”

दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या वार्ताफलकावर रंगीत खडूनं बातम्या लागल्या. एका सरांना पीएच.डी., ग्रंथपालांच्या मुलीचं लग्न, आणि तिसरी: ‘आमचे ज्येष्ठ कर्मचारी श्री. सहदेव गणगणे यांच्या शुभहस्ते शनिवारी उद्घाटन.’ पार्बताबाई पाटी डोक्यावर घेऊन मुद्दाम वाट वाकडी करून आली.

“यातलं तुह्यं नाव कोनतं?”

“हे.”

“एवढं लंबं? ‘श्री’ बी लावलं काय रे?”

“लावलं.”

तिनं पाटी खाली ठेवली. मग फळ्याला हात न लावता अक्षरांवरून हवेतच बोट फिरवलं नि म्हणाली, “मंग त्या दिवशी धोतर घालजो. हे पायजमा नोको.”

त्याला बरं वाटलं. ते कबूल करायला हवं. अठरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या बढत्या, लग्नं आणि निधनं सूचनावहीतून वर्गावर्गात फिरवली होती. आपलं नाव रंगीत खडूत पाहून बरं वाटणार नाही असा माणूस अजून व्हायचा आहे.

पण सोमवारी चौदा नंबर उघडला गेला. वेळेवर, नव्या चाबीनं. सव्वाशे पोरं धडधडत वर गेली. जेबाची सायकल जिन्याशी थांबली. तिनं बावीस पायऱ्यांकडे पाहिलं, मग घंटेजवळ उभ्या सहदेवकडे पाहिलं. सहदेवनं मान दुसरीकडे केली. सायकल वळली. मंगळवारीही तेच. बुधवारी ती आलीच नाही.

पंचाहत्तर टक्के हजेरी नसली की परीक्षेला बसू देत नाहीत. आणि जुलैतले दिवस आधीच गेलेले. अजून पाच-सहा तास बुडाले की जेबाचं वर्ष गेलं, आणि गेलेलं वर्ष परत घ्यायला ती पोरगी येणार नव्हती. सहदेव सूचनावही घेऊन वर चढला तेव्हा दाराजवळच्या बाकावर त्यानं बोट ओढलं. रेघ उमटली.

सत्यवती मॅडमनी अर्ज दिला होता, तास खाली द्या म्हणून. खुशालरावांनी तो फाइलला लावला. “समिती गेल्यावर पाहू ना मॅडम. आतापरेंत तर काही अडचन नोती!”

त्या बोलण्यानं सहदेवला रात्री झोप लागली नाही. खरंच नव्हती अडचण. कागदावर कधीच नव्हती. चार महिने त्यानं ती बुटात घालून हिंडवली, कोणाला दिसूच दिली नाही. कोणी विचारलं असतं, कॉलेजात जिन्यामुळं कोणाचं अडतं काय, तर सगळ्यांनी खरं मानून नाही म्हटलं असतं. आपण पोरीला वर्गात बसवलं की तिची अडचण झाकली, हे त्याला त्याचंच कळेना. आणि सांगावं तर आपण चार महिने साहेबांशी खोटं बोललो हे आधी सांगावं लागेल. शनिवारी फीत होती. फळ्यावर ‘श्री’ होतं.

शुक्रवारी दुपारी तालीम ठेवली. छायाचित्रकार आला. झेंडूचा गुच्छ आला. जेबालाही निरोप गेला होता, कारण उतारावरून सायकलनं वर येऊन प्राचार्यांना गुच्छ द्यायला तीच हवी होती. तासाला न आलेली पोरगी तालमीला आली. उस्माननं तिला नवा दुपट्टा घ्यायला लावला होता.

“हं, या वर. अगदी सावकाश,” रहाटे सर वरून म्हणाले.

मिस्त्रीनं जागा कमी म्हणून उतार उभा केला होता. जेबा अर्ध्यावर आली आणि सायकल मागं घसरली. उस्माननं चाकामागं पाय घातला. “रुक रुक, गिरेगी!”

“सोडा अब्बा. मी करतो.”

तिनं दात आवळून हँडल फिरवलं आणि सायकल वर चढवली. गुच्छ दिला. सरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. “शाब्बास! पाहिलंत खुशालराव? एवढ्याशा उतारानं केवढा फरक पडतो!”

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून, चौदा नंबरच्या उघड्या खिडकीतून, सत्यवती मॅडमचा आवाज खाली आला. समाजशास्त्राचा तास सुरू होता. हजेरी चालू होती.

“एकोणसाठ.”

“येस मॅडम.”

“साठ.”

“येस मॅडम.”

“एकसष्ट.” कोणी बोललं नाही. “एकसष्ट?”

खाली उतारावर, मान खाली घालून, कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू जेबा म्हणाली, “येस मॅडम.”

“बासष्ट.”

रहाटे सरांच्या हातातला गुच्छ तसाच राहिला. “तुझा नंबर आहे एकसष्ट? मग तू इथं काय करतेस? वर का नाहीस?”

पोरीनं जिन्याकडे पाहिलं. उस्मान बोटांना चिकटलेला कापूस सोलत उभा राहिला. खुशालरावांनी काखेतल्या फाइलकडं पाहिलं.

सहदेव उताराच्या कडेला टेकला आणि डावा बूट काढू लागला.

“अबे, हे काय करून राहिला? फोटोवाला हाय ना!” खुशालराव ओरडले.

कापसाचा बोळा निघाला. बोळ्याखालून चाबी निघाली. घामानं काळी पडलेली, चौदा नंबरची, जिचं कुलूप आता भंगारात होतं. सहदेवनं ती हातावर धरली. तो बसलेलाच होता. त्याला उभं राहून बोलायची सवय नव्हती.

“सर, हे कधी हरपली नोती. चार महिने माह्या बुटात हाय. साप बी नोता. मी लबाड बोललो. चौदा बंद असला का तास खाली होये, आन तास खाली झाला का हे पोरगी बसे. तुमी नवे कुलपं लावले, तवापासून थे बसली नाही.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगाची सवय नाही सर. हरपून टाकाची हाय.” मग त्यानं हातानं उतार थोपटला. “हे चांगलं बांधलं. मी नाई म्हनत नाही. पन हे हापिसात जाते. पोरगी हापिसात शिकत नाही.”

छायाचित्रकारानं उगाच भिंग पुसलं. रहाटे सर उतरले, जिन्याकडे गेले आणि चढू लागले. खालून त्यांचे बूट ऐकू येत होते. जेबाच्या ओठांवरून कळत होतं की ती मोजते आहे. बाविसाव्या पायरीला आवाज थांबला. बऱ्याच वेळानं ते खाली आले, कपाळ पुसत, आणि थेट कचेरीत शिरले.

“खुशालराव, दोन कागद टाइप करा. पहिला: बी.ए. प्रथम वर्षाचे सर्व तास आजपासून खोली क्रमांक तीनमध्ये.”

“सर, पन समितीले आपन थे खोली क्रीडा कक्ष म्हनून...”

“समितीला टेबल-टेनिस वर चढून खेळता येईल. दुसरा: सहदेव गणगणे, शिपाई, यांनी चार महिने महाविद्यालयाची चाबी लपवून दिशाभूल केली, यास्तव कारणे दाखवा नोटीस. सात दिवसांत उत्तर.”

“आन उद्याची फीत? फळ्यावर नाव हाय.”

“नाव राहू द्या. फीत तेच कापतील. नोटीस वेगळी, फीत वेगळी.”

सूचनावही सहदेवच फिरवायचा. म्हणून पहिला कागद त्यानंच वहीत चिकटवला आणि दुसऱ्यावर सही करून तो घडी घालून खिशात ठेवला. वही घेऊन तो बाहेर आला तेव्हा उतारावरून सायकल खाली आणायची खटपट चालली होती. उस्मान पुढून धरून, पोरगी मागं रेलून.

“चाचा, नोटिसचा जवाब मी लिहून देऊ काय?” जेबानं विचारलं. “माह्यं अक्षर चांगलं हाय.”

“लिही. पन चाबी हरपली असं लिहू नोको आता.”

“मंग काय लिहू?”

“खरं लिही. पानभर होईन.” तो थांबला. “आन उद्या तासाले वेळेवर ये. फुलं देवाले तर येशीनच.”

उस्मान काहीतरी म्हणणार होता. पण सहदेवला वही घेऊन बावीस पायऱ्या चढायच्या होत्या आणि तास संपायला पंधरा मिनिटं उरली होती. सत्यवती मॅडमनी सूचना दोनदा वाचली, सही केली आणि मान वर न करता म्हणाल्या, “म्हणजे आता मला वर्गात सांगायला काही उरलं नाही.”

“नाही मॅडम. आता शिकवा.”

खाली येऊन त्यानं कचेरीच्या कपाटातली चाबी घेतली नि तीन नंबर उघडला. टेबल-टेनिसचं टेबल दाराच्या मापापेक्षा मोठं निघालं. ज्यांनी ते आत नेलं ते लेकाचे कसे नेऊन बसले कोण जाणे. त्यानं जाळी सोडली, टेबल आडवं केलं, दोन शिव्या दिल्या, आणि अंगानं रेटत ते भिंतीपर्यंत सरकवलं. मग मागच्या पडवीतून बाकं ओढायला लागला. पहिलं बाक दाराजवळ लावलं. खांद्यावरचा गमचा काढून त्यावर एकदा फिरवला, उलट्या बाजूनं पुन्हा फिरवला.

भिंतीवरच्या घड्याळात वेळ झाली. सहदेवनं गमचा झटकला, डावा हात मांडीवर दाबला आणि घंटा द्यायला निघाला. बुटात आता नुसता कापूस होता, आणि पाय थोडा जास्तच हलत होता.